काकडी सुटली, मेथी सापडली: जिवाणूंची ओळखपरेड

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग आणि आसपासच्या शहरांत एक विचित्र साथ सुरू झाली. आधी पोटात कळा, मग रक्ताची हगवण, आणि काही रुग्णांची तर आठवड्याभरात मूत्रपिंडंच काम करेनाशी व्हायची. या शेवटच्या अवस्थेला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. एरवी हा विकार प्रामुख्याने लहान मुलांत दिसतो. इथे मात्र रुग्ण बहुतांशी प्रौढ होते आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. साथ संपेपर्यंत जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांना मूत्रपिंडाचा हा विकार झाला आणि ५० हून अधिक जण दगावले.

रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ई. कोलाय नावाचा जिवाणू सापडत होता. आरोग्य खात्याचे लोक रुग्णांना विचारत होते, आजारी पडण्याआधी काय काय खाल्लंत? उत्तरं येत होती काकडी, टोमॅटो, लेट्यूस. म्हणून बाजारातल्या भाज्या तपासायला घेतल्या. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य प्रयोगशाळेने जाहीर केलं की स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घातक विष तयार करणारा ई. कोलाय सापडला आहे.

गुन्हेगार सापडला, असं सगळ्यांना वाटलं. युरोपभर स्पेनच्या भाज्यांची मागणी कोसळली. अंदालुसियातल्या शेतकऱ्यांना उभं पीक फेकून द्यावं लागलं. आणि ३१ मे रोजी हॅम्बुर्गनेच सांगितलं की काकडीवरचा जिवाणू आणि रुग्णांच्या पोटातला जिवाणू एक नाहीत. दोन्ही ई. कोलाय, दोन्ही विषारी, पण वेगवेगळे.

हे 'एक नाहीत' कसं कळलं, आणि मग खरा दोषी कसा सापडला, हे समजून घेतलं की साथीच्या तपासातली जिवाणूंची जनुकीय ओळखपरेड नेमकं काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे दोन्ही नीट कळतं. आजचा लेख त्याबद्दल.

आडनाव पुरत नाही

ई. कोलाय हे एका प्रचंड मोठ्या कुळाचं नाव आहे. आत्ता हे वाचत असताना तुमच्या आतड्यातही तो कोट्यवधींच्या संख्येने आहे आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी आहे. त्यामुळे 'रुग्णाच्या पोटात ई. कोलाय, काकडीवरही ई. कोलाय' या वाक्याला पुरावा म्हणून किंमत फार कमी. आडनाव सारखं आहे म्हणून जगातले सगळे कुलकर्णी एका घरातले ठरत नाहीत.

म्हणून जिवाणूशास्त्रज्ञ एकेक पायरी खाली उतरतात. पहिली पायरी जुनी आहे. जिवाणूच्या बाह्य आवरणावर साखरेच्या साखळ्या असतात, आणि पोहण्यासाठी शेपटीसारखे धागे असतात. या दोन्हींच्या प्रकारांना क्रमांक दिलेले आहेत. आवरणाला 'ओ' आणि शेपटीला 'एच'. जर्मनीतल्या रुग्णांचा जिवाणू निघाला ओ१०४:एच४. म्युन्स्टर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने हे काही दिवसांतच शोधून काढलं. हा प्रकार अतिशय दुर्मीळ होता आणि ते तपासाच्या पथ्यावर पडलं. काकडीवरचा ई. कोलाय ओ१०४ नव्हताच. काकडी सुटायला एवढी एक पायरी पुरली.

पण प्रकार दुर्मीळ नसेल तर? एकाच शहरात एकाच प्रकारच्या जिवाणूने आजारी पडलेले शंभर जण असतील, तर त्यांतले कोणते एकाच साथीचे आणि कोणते योगायोगाने त्याच सुमारास आजारी पडलेले? इथे आवरण आणि शेपटी पुरत नाही. डीएनए वाचावा लागतो.

दोरीचे तुकडे

१९९३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मुलांना रक्ताची हगवण होऊ लागली. जिवाणू होता ई. कोलाय ओ१५७:एच७. 'जॅक इन द बॉक्स' या साखळीतल्या नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून तो पसरला होता. चार राज्यांत मिळून ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली.

रुग्णांतला आणि हॅम्बर्गरमधला जिवाणू एकच आहे हे दाखवण्यासाठी तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जी पद्धत वापरली तिचं नाव पल्स्ड फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस, थोडक्यात पीएफजीई. नाव लांबलचक असलं तरी कल्पना सोपी आहे. जिवाणूचा डीएनए म्हणजे चार अक्षरांनी लिहिलेली एक लांब दोरी. काही एन्झाइमं ही दोरी ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच कापतात. ई. कोलायसाठी नेहमी वापरलं जाणारं एक एन्झाइम टी-सी-टी-ए-जी-ए ही सहा अक्षरं ओळीने दिसली की कात्री चालवतं. लाखो अक्षरांच्या दोरीत असा क्रम थोड्याच ठिकाणी येतो, त्यामुळे मोजके, मोठमोठे तुकडे पडतात. मग हे तुकडे जेलीसारख्या पदार्थात ठेवून विजेच्या साहाय्याने पुढे ढकलायचे. लहान तुकडे लवकर पुढे सरकतात, मोठे मागे रेंगाळतात. फार मोठे तुकडे एकमेकांत अडकून एकत्रच सरकू नयेत म्हणून विजेची दिशा सारखी बदलत ठेवायची. नावातलं 'पल्स्ड' ते हेच. शेवटी हाती येतो आडव्या पट्ट्यांचा एक ठसा, काहीसा दुकानातल्या बारकोडसारखा.

दोन जिवाणूंचा ठसा सारखा, तर ते बहुधा जवळचे नातलग. ठसा वेगळा, तर बहुधा वेगळे. १९९६ मध्ये सीडीसीने राज्याराज्यांतल्या प्रयोगशाळा जोडून 'पल्सनेट' नावाचं जाळं उभं केलं. एका राज्यात दोन रुग्ण, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक, असे विखुरलेले रुग्ण एरवी कुणाच्या लक्षातही आले नसते. सगळ्यांचा ठसा एकच आहे हे संगणकावर दिसलं की लगेच कळायचं, ही एकच साथ आहे, कुठेतरी एकच दूषित पदार्थ विकला जातोय.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या कल्पनेतच आहे. कात्री फक्त त्या सहा अक्षरांकडे पाहते. बाकी लाखो अक्षरांत कुठे बदल झाला, तर पट्ट्या जशाच्या तशा राहू शकतात. शिवाय पट्टी थोडी वर की थोडी खाली हे ठरवण्यात वाचणाऱ्याच्या नजरेचाही भाग असतो.

पुढची पद्धत आली १९९८ मध्ये. जिवाणूला जगण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या जनुकांपैकी साधारण सात निवडायची, त्यांचे भाग अक्षरशः वाचून काढायचे आणि प्रत्येकाच्या प्रकाराला क्रमांक द्यायचा. सात क्रमांक मिळून एक प्रकार ठरतो. इथे नजरेचा प्रश्न नाही. क्रमांक टोकियोतही तोच आणि म्युन्स्टरमध्येही तोच. जर्मन साथीचा जिवाणू निघाला प्रकार ६७८. म्युन्स्टरच्या संग्रहात २००१ मधल्या एका जर्मन रुग्णाकडून मिळालेला याच प्रकाराचा एक जिवाणू जपून ठेवलेला होता. म्हणजे हा पाहुणा अगदीच अनोळखी नव्हता, दहा वर्षांपूर्वी एकदा डोकावून गेला होता.

पण सात जनुकं म्हणजे ग्रंथातली सात पानं. बाकीचा ग्रंथ न वाचलेलाच राहतो.

पोथ्यांचे पाठभेद

संपूर्ण जीनोम वाचणं म्हणजे अख्खा ग्रंथ वाचणं. ई. कोलायचा ग्रंथ ५० लाखांहून थोड्या जास्त अक्षरांचा आहे. हल्ली तो दोन-तीन दिवसांत वाचता येतो. पल्सनेटनेही २०१९ मध्ये पट्ट्यांचे ठसे सोडून संपूर्ण जीनोम हीच मुख्य पद्धत केली.

यात तुलना कशी करतात हे समजायला मराठी वाचकांना एक घरचंच उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ते काम १९६६ मध्ये पूर्ण झालं. संपादकांसमोर देशभरातून जमवलेल्या हस्तलिखित पोथ्या होत्या. प्रत्येक पोथी कुठल्यातरी जुन्या पोथीवरून हाताने उतरवलेली, आणि प्रत्येक वेळी उतरवताना काही चुका झालेल्या. पुढचा लेखनिक त्या चुकांसकट नक्कल करतो आणि स्वतःच्या एकदोन चुकांची भर घालतो. म्हणून दोन पोथ्यांत तीच वेगळी चूक आढळली, तर त्या एकाच मूळ पोथीवरून आल्या असण्याची शक्यता मोठी. असे पाठभेद जुळवत गेलं की पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

जिवाणूचंही असंच आहे. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ही चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. ई. कोलायच्या एका वंशात वर्षाकाठी साधारण एक-दोन अक्षरं बदलतात. त्यामुळे दोन रुग्णांतल्या जिवाणूंमध्ये ५० लाख अक्षरांत दोन-चारच फरक असतील, तर त्यांचा सामाईक पूर्वज अगदी अलीकडचा. शेकडो फरक असतील, तर या साथीशी त्यांचं नातं नाही.

जर्मनीतल्या साथीत जूनच्या सुरुवातीलाच हॅम्बुर्गचं विद्यापीठ रुग्णालय आणि चीनमधली बीजीआय ही संस्था यांनी जिवाणूचा जीनोम वाचून जगासाठी खुला केला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यावर तुटून पडले. कळलं ते असं: हा जिवाणू मुळात आतड्याच्या भिंतीला थरावर थर रचून चिकटणाऱ्या घराण्यातला. त्यात एका विषाणूने शिगा विष तयार करणारं जनुक आणून बसवलं होतं, आणि भरीला काही प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमताही होती. चिकटून बसणारा आणि वर विष सोडणारा, असा हा दुहेरी जिवाणू होता. साथ एवढी भयंकर का होती, याचा उलगडा होऊ लागला.

पण तो आला कुठून? जीनोमचं एकेक अक्षर वाचूनही हे कळलं नाही. ते कळलं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात.

आठवणीत नसलेला पदार्थ

सुरुवातीच्या मुलाखतींत साधारण पाव रुग्णांनाच मोड आलेली बियाणी खाल्ल्याचं आठवत होतं. यात नवल नाही. काल सॅलड खाल्लं हे लक्षात राहतं. त्यावर वरून भुरभुरलेले चार मोड कोण लक्षात ठेवतं?

मग रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूटच्या साथरोगतज्ज्ञांनी रुग्णांच्या स्मरणशक्तीवर विसंबणंच सोडलं. ल्युबेक शहरातल्या एका हॉटेलात जेवून गेलेल्या अनेक गटांतले लोक आजारी पडले होते. तज्ज्ञांनी कोणी कोणता पदार्थ मागवला होता हे शोधलं आणि तो पदार्थ कशाकशाचा बनतो हे आचाऱ्याला विचारलं. १५२ जणांची माहिती जुळली. त्यांतले ३१ आजारी होते, आणि त्या सगळ्या ३१ जणांच्या ताटात मोड होते. ज्यांच्या ताटात मोड नव्हते, त्यांतलं कोणीही आजारी पडलं नव्हतं.

दुसरीकडे अन्न खात्याचे लोक ठिकठिकाणच्या रुग्णगटांच्या ताटातले मोड कुठून आले याचा माग काढत होते. ४१ रुग्णगट, आणि ४१ वाटा लोअर सॅक्सनी राज्यातल्या एकाच उत्पादकापाशी जाऊन मिळत होत्या. १० जून रोजी काकडी, टोमॅटो, लेट्यूसबद्दलचा इशारा मागे घेतला आणि मोडांबद्दल इशारा दिला. युरोपियन संघाने भाजीउत्पादकांना २१ कोटी युरोंची मदत मंजूर केली. अर्थात तोवर बरंच पीक मातीत गेलं होतं.

पण हा उत्पादक अनेक प्रकारच्या बियाण्यांचे मोड विकत असे. त्यांतलं दोषी कोणतं? उत्तर जून संपता संपता फ्रान्समधून आलं. बोर्दो शहराजवळ एका कार्यक्रमात सजावटीपुरते मोड खाल्लेले काही लोक आजारी पडले. जिवाणू तोच, ओ१०४:एच४. पण ते मोड जर्मनीहून आलेले नव्हते. बियाण्याची छोटी पाकिटं आणून तिथेच उगवलेले होते. मग जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात सामाईक काय? दोन्हीकडच्या खरेदीच्या नोंदी जुळवल्यावर एकच दुवा ठळकपणे उरला: इजिप्तहून २००९ च्या अखेरीस निघालेला मेथीच्या दाण्यांचा सुमारे १५,००० किलोंचा एक साठा. त्याचे वाटे होत होत तो अनेक देशांत पोचला होता.

होय, आपली मेथी. ५ जुलै २०११ रोजी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. इजिप्तने तो नाकारला. आणि हेही सांगायला हवं की त्या मेथीच्या दाण्यांवर हा जिवाणू प्रयोगशाळेत कधीच सापडला नाही. दूषित दाणे मोजके असतील, तर हजारो किलोंतून काढलेल्या नमुन्यात ते हाती न लागणं सहज शक्य आहे.

'तोच' म्हणजे नेमकं काय?

पुढे हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या रुग्णांचे जिवाणू अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. जर्मन नमुन्यांत एकमेकांत जेमतेम २ अक्षरांचा फरक होता. फ्रेंच नमुन्यांत मात्र १९. म्हणजे हजारो रुग्णांच्या साथीत विविधता नगण्य, आणि मूठभर रुग्णांच्या साथीत भरपूर! एक शक्यता अशी की जर्मनीतली अख्खी साथ कुठल्यातरी अरुंद दारातून आली: मूळ साठ्यातल्या अनेक वंशांपैकी एकच तिथे टिकला आणि वाढला. फ्रान्समध्ये मात्र अनेक वंश एकत्र पोचले.

यातून मोठा धडा मिळतो. 'इतक्या अक्षरांपर्यंत फरक असेल तर तीच साथ' असा एकच आकडा सगळीकडे लावता येत नाही. बियाणी दोन वर्षं गोदामात पडून होती का, जिवाणू किती वेगाने बदलतो, मूळ स्रोतात एक वंश होता की दहा, यावर तो आकडा अवलंबून असतो.

उलटा धोकाही आहे. त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात क्लेबसिएला या जिवाणूची, जवळजवळ कुठल्याच औषधाला न जुमानणारी, साथ आली. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तो सापडला. पट्ट्यांचा ठसा जुळत होता, पण त्या जुळण्याला फारसा अर्थ नव्हता, कारण अमेरिकेतल्या रुग्णालयांत या जिवाणूचा तोच प्रकार सर्रास आढळत होता. दुसऱ्या रुग्णाने तो बाहेरूनही आणलेला असू शकला असता. संपूर्ण जीनोम वाचल्यावरच नक्की झालं की तो पहिल्या रुग्णाकडूनच आला, आणि तिच्याकडून तो किमान तीन वेगवेगळ्या वेळी इतरांकडे गेला. एकूण १८ रुग्णांपर्यंत तो पोचला; त्यांतल्या ११ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले ६ मृत्यू या संसर्गामुळे होते.

थोडक्यात, जनुकीय ओळखपरेड एकाच प्रश्नाचं उत्तर देते: हे दोन जिवाणू किती जवळचे? 'दूरचे' हे उत्तर बहुधा स्वतःच्या पायावर उभं राहतं. काकडी त्याच्याच बळावर सुटली. 'जवळचे' हे उत्तर मात्र अर्धंच असतं. कोणाकडून कोणाकडे, कशातून, कुठे, हे सांगायला साक्षीदार लागतात: हॉटेलची बिलं, गोदामाच्या नोंदवह्या, आचाऱ्याची पाककृती. हॅम्बुर्गमध्ये घाई झाली ती इथे. भाजीवर एक जिवाणू सापडला, आणि तो 'तोच' आहे का हे तपासून होण्याआधी नाव जाहीर झालं.

आपल्या स्वयंपाकघरात

परदेशातल्या मराठी घरांत मोड आणणं आजही चालू आहे, मटकी, मूग, मेथी, सगळ्यांना. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण विज्ञान काय सांगतं ते माहीत असावं. दाण्यांच्या बारीक भेगांत जिवाणू कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरू शकतात. भिजवून उबदार जागी बांधून ठेवलं की जे हवामान मोडांना मानवतं तेच जिवाणूंनाही मानवतं. एक-दोन दिवसांत त्यांची संख्या प्रचंड वाढू शकते. नुसतं धुऊन ते जात नाहीत. नीट शिजवल्यावर मात्र मरतात. म्हणजे आपली उसळ ही उत्तम सोय आहे. जपायचं ते कच्च्या मोडांच्या कोशिंबिरीला आणि भेळेला. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड टाळलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट. रक्ताची हगवण झाली तर डॉक्टरांना शौचाचा नमुना जरूर द्या, आणि त्यातून जिवाणू वाढवून पाहणार का हेही विचारा. आजकाल झटपट चाचण्यांत नमुन्यातला जिवाणूचा डीएनए थेट ओळखला जातो. निदान काही तासांत होतं, ही चांगलीच गोष्ट. पण जिवाणू वाढवलाच नाही, तर त्याचा जीनोम वाचायला प्रयोगशाळेच्या हाती काही उरत नाही आणि तुमचा आजार दुसऱ्या गावातल्या रुग्णाशी जोडला जात नाही.

पुढे कधी आरोग्य खात्यातून फोन आला आणि गेल्या आठवड्यात काय खाल्लं असं कोणी विचारलं, तर कंटाळून ठेवून देऊ नका. किराण्याचं बिल शोधा, हॉटेलचं नाव सांगा, फ्रीजमध्ये अर्धं पाकीट उरलं असेल तर फेकू नका. आणि सांगताना वरून भुरभुरलेल्या चार मोडांनाही विसरू नका.